लेकीच्या हातातली कानस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज रात्री उत्तर लिहायला बसायचो आणि दोन ओळींवर थांबायचो. तुझी लेक मी शिकवतो तशा सरकारी व्यवसाय शाळेत जायचं म्हणते, आणि "मार्क चांगले असताना तिकडे कशाला?" असं घरात सगळे विचारताहेत. तूही मनातून तेच विचारतो आहेस. तसं लिहिलं नाहीस, पण तुझं अक्षर मी ओळखतो.

'मार्क चांगले असताना' याच शब्दांनी मला अडवून धरलं होतं. दरवर्षी माझ्या वर्कशॉपमध्ये अशी मुलं येतात, ज्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की पुस्तक जमत नाही तर निदान हात चालव. खांदे पाडून येतात बिचारी. त्यांच्या मनातली ती अढी काढण्यात माझे पहिले दोन महिने जातात, आणि याचं मला दरवर्षी नव्याने वाईट वाटतं.

आमच्याकडे पहिलं काम काय असतं सांगतो. तळहाताएवढा लोखंडी तुकडा, तो घट्ट धरणारा बेंच व्हाइस आणि लोखंड घासायची कानस. तुकडा सपाट करायचा, कडा काटकोनात आणायच्या. सगळ्यांना वाटतं, दोन दिवसांचं काम. लागतात काही आठवडे. कानस पुढे ढकलताना हात नकळत झुलतो, कडा जास्त घासल्या जातात आणि मधला भाग उंच राहतो. मग तुकड्यावर काटकोनी पट्टी, म्हणजे गुण्या, टेकवून उजेडासमोर धरायचा. दोन्ही टोकांना उजेडाची रेघ दिसली की पोट राहिलंय हे पोराला स्वतःलाच कळतं. मला काही बोलावं लागत नाही.

पुढे बारीक माप घ्यायचा व्हर्नियर हातात येतो. ४९ मिलिमीटरमध्ये ५० भाग पाडलेले, म्हणून एकेक भाग मुख्य पट्टीवरच्या मिलिमीटरपेक्षा ०.०२ ने लहान, आणि तेवढं बारीक माप त्यावर वाचता येतं. गेल्या वर्षी अपूर्णांकाचं नाव काढताच मान खाली घालणारा एक मुलगा शेजारच्याला हे समजावताना मी ऐकला. चुकूनही मध्ये पडलो नाही. लेथवर, म्हणजे दांडा फिरवून कापायच्या यंत्रावर, तर गणिताशिवाय पानच हलत नाही. हाय-स्पीड स्टीलच्या टूलने, म्हणजे कापायच्या हत्याराने, साधं मऊ पोलाद कापायचं तर मिनिटाला साधारण ३० मीटर वेग धरतात. २५ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यासाठी हिशेबाने मिनिटाला ३८० च्या आसपास फेरे येतात, व्यास ५० झाला की १९०. व्यास वाढला आणि फेरे तेच ठेवले, तर टूलची धार जळते. वर्गात रटाळ वाटणारा गणितातला पाय (π) इथे असा समोर येऊन उभा राहतो, आणि मग कुणी तो विसरत नाही.

तुझी काळजी नवी नाही, मित्रा. १९१५ साली अमेरिकेत तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आणि मॅसॅच्युसेट्सचे शिक्षण आयुक्त डेव्हिड स्नेडन यांचा यावरूनच जाहीर वाद झाला. स्नेडन यांना उद्योगाला लागणारं नेमकं कौशल्य देणारं शिक्षण हवं होतं. ड्यूईंना भीती होती की मुलं आहे त्या कारखान्याच्या मापाची बनवली जातील आणि स्वतःचा विचार करायची वाट बंद होईल. मी स्वतः आयुष्यभर वर्कशॉपमध्ये उभा आहे, तरी या वादात मी ड्यूईंच्या बाजूचा. त्याच मॅसॅच्युसेट्समधल्या व्यवसाय शाळांत आज बहुतेक ठिकाणी एक आठवडा वर्ग आणि एक आठवडा वर्कशॉप अशी पाळी असते. मला ही पद्धत फार आवडते, कारण विज्ञान आणि भाषा मधल्या मधे गळून पडत नाहीत.

आणि हो, ते कानशीचं काम आलं कुठून? पूर्वी पोरगा उस्तादाजवळ राहायचा, वर्षानुवर्षं बघत बघत शिकायचा. मॉस्कोच्या इंपीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-वोस यांनी कारागिराचं काम लहान लहान कृतींत उलगडलं आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारे धडे बांधले. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि अमेरिकेतल्या शाळांनी उचलले. माझ्या विद्यार्थ्यांच्या हातातला तो तुकडा त्याच वळणाचा आहे.

आता धोक्याचं. शिकत असताना मी एकदा शेजाऱ्याच्या वेल्डिंगकडे काचेशिवाय बघत राहिलो. तेव्हा काहीच झालं नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, पाणी थांबेना. दुखणं काही तासांनी येतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी ते पहिल्याच दिवशी सांगतो. लेथवर दांडा पकडतो तो चक, त्याची किल्ली चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही, हेही. लेथ आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, फिरतं यंत्र मोज्यासकट हात ओढून घेतं. वेल्डिंगला मात्र मोजे हवेतच, आणि तिथे मला एक राग आहे: मुलींच्या मापाचे मोजे आणि बूट भांडारात मागून मागून मिळतात. ढिल्या मोज्यात वेल्डिंगची कांडी पकडणारा होल्डर नीट धरता येत नाही. तुझ्या लेकीने पहिल्या दिवसापासून आपल्या मापाचं सामान मागावं, संकोच करू नये.

प्रवेश घेण्याआधी तू स्वतः शाळा बघ. यंत्रं चालू आहेत की कापड टाकून झाकलेली, एका लेथवर किती जण उभे राहतात, गणिताच्या बाई वर्कशॉपमध्ये कधी फिरकतात का, हे नजरेने कळेल. आधीच्या तुकड्यांतले किती जण पुढे इंजिनिअरिंगला गेले हे स्पष्ट विचार. पुढचा रस्ता बंद करणारी शाळा असेल तर तिथे पाठवू नकोस, हे मीच सांगतोय. रस्ता उघडा असेल, तर मार्क चांगले असणं हे नाही म्हणायचं कारण होऊ शकत नाही. तिथे तिचे मार्क वायाही जाणार नाहीत.

पुढच्या गुरुवारी नवी तुकडी पहिल्यांदा लेथसमोर उभी राहणार आहे. मी परवानगी काढून ठेवतो, तिला दिवसभर माझ्याकडे पाठव. पायात बंद बूट, केस घट्ट बांधलेले, हातात अंगठी नको आणि अंगावर सैल काही नको. चष्मा मी देईन. तूही येशील तर बेंचवर एक कानस तुझ्यासाठी ठेवतो.

तुझा,
जुना बाकमित्र