मोह चुकवणे हा पळपुटेपणा नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

कार्निव्हल संपून राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्व उपवासकाळाचा पहिला दिवस, उजाडला की गोव्यात एक चर्चा दरवर्षी हमखास रंगते. कार्निव्हलचा राजा किंग मोमो याच्या राज्यात चार दिवस खाऊन-पिऊन-नाचून घेतल्यावर पुढे चाळीस दिवस मांस-मद्य वर्ज्य करण्यात कसला आला आहे संयम, असा तिचा सूर असतो. गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकांनी हा आक्षेप अधिक नेमकेपणाने मांडला. विकाराचे कारण समोर असूनही ज्याचे चित्त ढळत नाही तोच धीर, या अर्थाच्या संस्कृत वचनाचा आधार घेऊन त्यांनी लिहिले की, बाटलीपासून लांब राहणारा ख्रिस्ती माणूस मोह जिंकत नाही, नुसता चुकवतो. आक्षेप विचार करण्याजोगा आहे, म्हणून हे पत्र. मी मूळचा कोल्हापूरकडील मराठी ख्रिस्ती कुटुंबातला असून नोकरीनिमित्त फोंड्यास येऊन मला एकतीस वर्षे झाली आहेत.

आम्ही मोह चुकवतो, हे मला मान्यच आहे. आम्हांला शिकवलेच तसे आहे. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात मोहाशी झुंजण्याचे बळ मागितलेले नाही. ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ अशी सरळ विनवणी आहे. मूळ ग्रीक शब्दाचे परीक्षा आणि मोह असे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे देवच माणसाला मोहात ढकलतो की काय, असा प्रश्न पूर्वापार पडत आला आहे. इटालियन प्रार्थनाग्रंथात तर २०२० पासून ही ओळ बदलून ‘आम्हांला मोहाच्या हाती सोडू नकोस’ अशा अर्थाची करण्यात आली. शब्द कोणतेही घेतले, तरी प्रार्थना करणारा माणूस स्वतःला दुबळा समजूनच ती म्हणत असतो.

त्या वाचकांना मला विशेष करून अरण्यातील प्रसंगाची आठवण द्यायची आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतानाने येशूपुढे तीन मोह ठेवले. धोंड्यांच्या भाकरी करण्याचा आणि जगातील राज्यांचा, हे दोन सर्वांच्या लक्षात राहतात. मधला मात्र बहुतेक जण ओलांडून पुढे जातात (आमचे काही पाळक, म्हणजे धर्मगुरूही). बायबलमध्ये येशूचे चरित्र सांगणाऱ्या मत्तयाच्या शुभवर्तमानातील क्रमानुसार, सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे म्हणून वर बायबलच्याच स्तोत्रसंहितेतील वचनाचा दाखलाही देतो. येशू उत्तर देतो की, परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नकोस. आपला विश्वास किती बळकट आहे ते पाहण्यासाठी मुद्दाम कड्याच्या टोकावर जाऊन उभे राहणे हाच तो मोह होता, आणि त्याने तो नाकारला. बाटली समोर ठेवून न पिण्याचा पराक्रम करा, हा सल्ला मला त्या शिखरावरून आल्यासारखा वाटतो. बाकी सर्व अडखळले तरी मी अडखळणार नाही, असे येशूचा शिष्य पेत्र यानेही छातीठोकपणे सांगितले होते. त्याच रात्री अंगणात शेकत बसला असता मी येशूला ओळखत नाही, असे म्हणून त्याने येशूला तीनदा नाकारले.

हे मी पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी फोंडा-पणजी बसच्या रोजच्या प्रवासात मला मोबाइलवर पैसे लावून रमी खेळण्याचा नाद लागला. आरंभी बाराशे रुपये जिंकलो आणि तेथेच घात झाला. मुलीच्या वसतिगृहासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतील जवळजवळ चाळीस हजार रुपये पाहता पाहता गेले. सांगायला लाज वाटते, पण ते उपवासाचेच दिवस होते. मटणमासळीला मी शिवत नव्हतो, रोज पहाटे बळासाठी प्रार्थना करत होतो, आणि आपला निश्चय किती पक्का आहे ते कळावे म्हणून तो खेळ फोनमध्ये तसाच ठेवला होता! शेवटी पाळकांकडे जाऊन सर्व सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. खेळ अजून फोनमध्ये आहे का, एवढेच विचारले. मी होय म्हणताच त्यांनी हात पुढे केला आणि फोन मागून घेतला.

प्रत्येक मोह असा काढून टाकता येत नाही, हेही खरे आहे. घरातले आजारपण, एकटेपणा, वरिष्ठांनी पुढे सरकवलेला खोटा कागद, यांपासून माणूस पळून कोठे जाणार? तेथे उभे राहावेच लागते, आणि देव परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करतो, हा प्रेषित पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला पत्रातून दिलेला दिलासा अशा वेळेसाठी आहे. पण तोच पौल त्याच पत्रात जारकर्मापासून पळ काढा, असेही बजावतो. कोठे थांबायचे आणि कोठून निघून जायचे, हे ज्याचे त्याला बहुधा ठाऊक असते. आपण ठाऊक नसल्याचे सोंग करतो.

मांडवीतील जहाजांवरच्या कॅसिनोंत गोमंतकीयांना जुगार खेळण्यास २०२० पासून मनाई आहे, आणि पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. परराज्यांतील पाहुण्यांचे चित्त आमच्यापेक्षा धीर असते, असे सरकारने कशावरून ठरवले, हे मला उमगलेले नाही. आपल्या माणसांना मोहासमोर उभे करू नये, एवढे मात्र सरकारलाही कळले आहे, आणि त्याला कोणी पळपुटेपणा म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

अरण्यातील प्रसंग संपवताना दुसरा शुभवर्तमानकार लूक लिहितो की, सैतान येशूला संधी मिळेपर्यंत सोडून गेला. कायमचा गेला, असे तो लिहीत नाही. माझ्याकडे हल्ली बटणांचा साधा फोन आहे, बँकेचे कार्ड पत्नीच्या कपाटात असते, आणि ईस्टरनंतरही ते तेथेच राहील.

आपला,
एक वाचक, फोंडा