गोळीबरोबर चालणेही लिहून द्या

संपादक महोदय,

ऑक्टोबर आला की गोव्यात गुलाबी फिती दिसू लागतात, शिबिरे भरतात. ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोंय’ ही मोहीम २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून स्तनाच्या कर्करोगाची तपासणी गावोगावी पोहोचली, हे उत्तमच झाले. पण ऑपरेशन, किमो, रेडिएशन आटोपले की पुढच्या वर्षांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

हार्मोनवर वाढणारा कर्करोग असेल तर पाळी गेलेल्या बायकांना बहुधा लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलची गोळी रोज, निदान पाच वर्षे घ्यावी लागते. तिने अंगातले इस्ट्रोजेन हे हार्मोन अगदी कमी होते आणि अनेकींचे सांधे धरतात. मीही त्यातलीच. सकाळी बोटांची मूठ वळत नाही, गॅसचे बटण दोन्ही हातांनी फिरवावे लागते. आदोळीवर (विळीवर) बसले तर उठताना भिंत धरायची. डॉक्टरांना सांगितले तर ‘वयोमानाने होणारच’ म्हणून वर एक पेनकिलर. दुखणे सोसत नाही म्हणून ही गोळीच परस्पर सोडणाऱ्या बायका आहेत. आजार उलटण्याचा धोका त्यानेच वाढतो.

अमेरिकेतील येल विद्यापीठाने अशाच १२१ बायकांवर केलेला अभ्यास २०१५ साली छापून आला. एका गटाने वर्षभर आठवड्याला १५० मिनिटे एरोबिक व्यायाम, म्हणजे मुख्यतः झपझप चालणे, आणि दोनदा वजनांचा व्यायाम करायचा होता. त्यांची तीव्र सांधेदुखी सुमारे २९ टक्क्यांनी उतरली. दुसऱ्या गटाची होती तिथेच राहिली. दुखणे समूळ गेले नाही, पण गोळी चालू ठेवायला एवढाही उतार पुष्कळ. (देवळाभोवती गजाली मारत फिरणे यात धरू नये. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका दम लागायला हवा.)

आता चालायचे कुठे? पणजीकरांना मिरामारचा किनारा आहे. आमच्या फोंड्याकडे रस्त्याला कडच नाही, ट्रक अंगावरून जातात, कुत्री वेगळीच. जून ते सप्टेंबर तर पाऊस घराबाहेर पडू देत नाही. देवस्थानांच्या अग्रशाळा (भाविकांना उतरण्याच्या इमारती) आणि पंचायतींची सभागृहे सकाळी रिकामीच असतात. पावसाळ्यात ती तासभर बायकांना चालायला उघडून द्यावीत. आणि कर्करोगाच्या ओपीडीत ही गोळी लिहून देतानाच, हाडे आणि हृदय तपासून, फिजिओथेरपीची चिठ्ठीही हातात द्यावी.

– एक वाचक, फोंडा