प्रार्थनेची वेळ बायांना जमेल अशी ठेवा

संपादक महोदय,

मी तिवसा तालुक्यातली आशा सेविका. घरची कपाशी, गरोदर बायांच्या भेटी, लेकरांच्या लसी, रात्री मोबाइलवर भरायची माहिती, यात माझा दिवस जातो. तरी डोकं ठिकाणावर राहतं ते सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेमुळे. लसीवरून कुणाच्या घरी आवाज चढला, तरी आता मी आधी दम घेते, मग बोलते. अन् बाई ऐकून घेते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. सकाळी ध्यान, सायंकाळी प्रार्थना ही शिस्त त्यांनी राबणाऱ्या माणसांना घालून दिली. महाराज स्वतः खंजिरी घेऊन गावोगाव फिरले, १९४२ मध्ये तुरुंगातही गेले. एवढ्या धावपळीतही त्यांनी ध्यान-प्रार्थना सोडली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

पण आमच्याकडे प्रार्थना सुरू होते तेव्हा वेचणीहून आलेल्या बाया चुलीपुढं असतात. सतरंजीवर बहुतेक म्हातारी माणसंच दिसतात. सर्वांत जास्त थकलेल्यांनाच ही अर्धी घटका मिळू नये, हे मनाला लागतं. ही प्रार्थना चालवणाऱ्या गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांना कळकळीची विनंती आहे: कापसाच्या हंगामात तरी प्रार्थना जेवणानंतर ठेवा.

एक आशा सेविका, ता. तिवसा, जि. अमरावती