अलॉय बसवले, पण नट पुन्हा तपासले का?

संपादक महोदय,

सांगलीत माझे टायर आणि अलाइनमेंटचे दुकान आहे. दसरा-दिवाळीत गाडीला नवे अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाके, लावायची हौस येते आणि पंधरवड्यात ‘स्टिअरिंग थरथरतंय, बॅलन्सिंग करा’ म्हणत लोक येतात. बघावे तर बरेचदा नटच सैल!

नव्या अलॉयमध्ये नट जिथे टेकतो त्या बैठकीतला रंगाचा थर दबतो आणि ताण उतरतो. म्हणून ८० ते १०० किलोमीटरनंतर, चाक थंड असताना, टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने, नट पुन्हा तपासायचे. किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. छोट्या गाड्यांना बहुधा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास. नुसत्या हवेच्या गनने किती आवळले, हे गनवाल्यालाही सांगता येत नाही. पान्यावर उभे राहणारे तर स्टडच, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा, ताणून ठेवतात.

आणखी एक. जुने नट नव्या चाकाला चालतीलच असे नाही. होंडाच्या मूळ नटाची बैठक चेंडूसारखी गोल, बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूसारखी लागते. चुकीचा नट हाताला घट्ट लागतो, पण नुसता कडेवर टेकलेला असतो.

फेरतपासणीचे किलोमीटर दुकानदारांनी बिलावरच लिहावेत. आम्ही लिहितो, त्याचे पैसेही घेत नाही. गिऱ्हाईक मात्र नव्या चाकांचे फोटो काढून झाले की फिरकत नाही!

– एक टायर दुकानदार, सांगली