बाबांना पत्र : मी भयकथा का लिहिते आणि कुणाकडून शिकते

तीर्थरूप बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. तुमची प्रकृती आता ठीक आहे हे वाचून बरे वाटले. मीही इकडे खुशाल आहे. नोकरी, घर, हवापाणी यांविषयी आईशी फोनवर बोलणे होतेच, म्हणून हे पत्र मी तुमच्या एकाच प्रश्नासाठी राखून ठेवले आहे. लहानपणापासून चांगले वाचत आलेल्या मुलीने आपल्या संध्याकाळी भुताखेतांच्या गोष्टी लिहिण्यात का घालवाव्यात, आणि माणसांना घाबरवून कुणाचे काय भले होते, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही हे रागाने विचारलेले नाही हे मला ठाऊक आहे, म्हणूनच उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते. ज्यांच्याकडून मी शिकते आहे ती पुस्तके, ते चित्रपट आणि ती माणसे तुमच्यासमोर ठेवली, की उत्तर आपोआप मिळेल असा मला विश्वास आहे.

सुरुवात एका छोट्या कथेने करते. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रजी लेखकाची ‘द मंकीज पॉ’ ही कथा १९०२ साली प्रसिद्ध झाली. एका वृद्ध जोडप्याच्या हाती माकडाचा वाळलेला पंजा येतो आणि तो तीन इच्छा पुरवतो असे त्यांना सांगितले जाते. बाप घरावरचे कर्ज फेडण्यापुरते दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलाच्या कारखान्यातला माणूस दारात येतो: मुलगा यंत्रात सापडून गेलेला असतो आणि भरपाई म्हणून कंपनीने दिलेली रक्कम नेमकी दोनशे पौंड असते. काही दिवसांनी आई हट्टाने मुलाला परत मागायला लावते, आणि त्या रात्री दारावर थाप पडते. ती कडी काढायला धावते. अपघातानंतरचे मुलाचे शरीर पाहिलेला बाप अंधारात जमीन चाचपडत पंजा शोधतो आणि तिसरी इच्छा मागतो. दार उघडते तेव्हा बाहेर रिकामा रस्ता असतो. थाप मारणारा कसा दिसत होता, हे जेकब्ज शेवटपर्यंत सांगत नाहीत.

बाबा, ही कथा मी पुन्हा पुन्हा वाचते ती पंज्यासाठी नव्हे. आई दाराकडे धावते तेव्हा तिचे काहीही चुकलेले नसते, आणि बाप तिच्याआधी पंजा गाठायला धडपडतो तेव्हा त्याचेही नाही. एकाच मुलावरच्या दोन मायांची ती झटापट आहे, आणि वाचकाच्या पोटात गोळा येतो तो तिच्यामुळे. मला आजवर जे समजले आहे ते एवढेच, की ज्याला कुणी गमवायचे नाही अशा माणसाची भयकथा लिहिता येत नाही.

मेरी शेली यांचे उदाहरण तर याहून थेट आहे. १८१५ साली तंबोरा ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला आणि त्याच्या राखेमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा उगवलाच नाही. १८१६ च्या त्या पावसाळी दिवसांत जिनिव्हाच्या सरोवराकाठी अडकलेल्या मित्रमंडळींना लॉर्ड बायरन यांनी सुचवले, की प्रत्येकाने एकेक भूतकथा लिहावी. अठरा वर्षांच्या मेरीच्या मनात तिथे ‘फ्रँकेन्स्टाइन’ रुजले आणि १८१८ साली ते लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाले. एवढा भाग सगळेच सांगतात. मला त्याआधीची एक नोंद अधिक महत्त्वाची वाटते. १८१५ च्या फेब्रुवारीत मेरीला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली आणि ती थोड्याच दिवसांत गेली. मार्च महिन्यात तिने रोजनिशीत लिहिले, की स्वप्नात बाळ पुन्हा जिवंत झाले होते. ते केवळ गारठले होते, आम्ही त्याला शेकोटीपुढे चोळले आणि ते जगले. मृत देहात प्राण ओतणाऱ्या शास्त्रज्ञाची कादंबरी ही नोंद वाचून पुन्हा उघडावी. मग त्यातला राक्षस निराळाच दिसू लागतो, कारण त्याचे सारे दुःख एवढेच आहे, की ज्याने त्याला जन्म दिला त्याने त्याला जवळ घेतले नाही.

आपल्या भाषेतले माझे पहिले गुरू म्हणजे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. धारपांचे निवेदक बहुधा मध्यमवर्गीय, हिशेबी, शंका घेणारे असतात. ते घडलेली गोष्ट जबाब नोंदवावा तशी सांगतात, आणि म्हणून अमानवी काही समोर आले की आपला प्रतिकार आधीच संपलेला असतो. परदेशी कथांची बीजे त्यांनी उघडपणे घेतली, पण ती रुजवली ती मराठी माणसाच्या बोलण्यात आणि घरात, आणि हे काम किती अवघड आहे ते स्वतः लिहायला बसल्यावर कळते. त्यांच्या कथांमधले ‘समर्थ’ हे पात्र मला विशेष प्रिय आहे, कारण वाईटाशी झुंजणारी एक शांत, विचारी शक्ती कथेत असली, की लेखकाला अंधार अधिक गडद करण्याची मुभा मिळते. मतकरींची वाट वेगळी. त्यांनी आपल्या लेखनाला गूढकथा म्हटले, आणि त्यात भुतापेक्षा माणसाच्या मनातली गाठ मोठी असते. ज्या लेखणीने ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण रंगवून मुलांना खिदळायला लावले, त्याच लेखणीने ‘गहिरे पाणी’ही लिहिले. मुलांसाठी इतक्या मायेने काम करणारा माणूस मोठ्यांच्या भयाचा इतका अचूक वेध घेत होता, यात मला कोणताही विरोध दिसत नाही. ते २०२० साली गेले. त्यांच्या कथा मी इकडे आवर्जून जवळ ठेवल्या आहेत.

शर्ली जॅक्सन यांच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ या १९५९ च्या कादंबरीत एलनॉर नावाची स्त्री आजारी आईची अकरा वर्षे सेवा करून एकाकी झालेली असते. त्या झपाटलेल्या घरात एका रात्री ती अंधारात शेजारणीचा हात घट्ट धरून पडते, आणि दिवा लागल्यावर तिच्या ध्यानात येते, की शेजारीण तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. आयुष्यभर कुणाच्या तरी हाताची आस धरलेल्या बाईला लेखिकेने तो हात दिला आणि तो असा दिला! या कादंबरीवर रॉबर्ट वाइज यांनी १९६३ साली काढलेला चित्रपट तुम्ही अवश्य पाहा. त्यात भूत एकदाही दिसत नाही. एक बंद लाकडी दार बाहेरच्या दाबाने आत फुगते, एवढेच. न दाखवण्याचा हा धडा मी तिथेच घेतला. ॲन रॅडक्लिफ या जुन्या लेखिकेने तर १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडून ठेवले होते, की येऊ घातलेल्याची धास्ती मनाला जागे करते आणि समोर उघडे पडलेले बीभत्स त्याला गोठवून टाकते.

चित्रपटांत आणखी दोनच नावे लिहिते. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मागे (२०१८) धारपांच्या कथांची प्रेरणा आहे, हे तुम्हाला आवडेल. पण मला त्यात सर्वांत भयंकर वाटतो तो हस्तर नावाचा राक्षस नव्हे, तर बाप आपल्या मुलाला हाव शिकवतो तो भाग. वारसा म्हणून देण्यासारखे दुसरे काहीही त्याच्याजवळ उरलेले नसते. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ उसाच्या फडात भर दिवसा घडतो आणि न जन्मलेल्या मुलींचा जाब मागतो. अंधाराशिवायही भय उभे करता येते, हे मराठीत इतक्या ठामपणे दाखवलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

स्टीफन किंग यांच्याविषयी तुम्ही ऐकले असेलच. त्यांच्या पुस्तकांइतकीच मला त्यांच्या पहिल्या प्रकाशित कादंबरीची हकिगत प्रिय आहे. शाळेत शिकवत असताना त्यांनी ‘कॅरी’ची सुरुवातीची पाने कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती, पत्नी टॅबिथा यांनी ती काढून वाचली आणि पुढे लिहायला लावले. १९७४ साली ती कादंबरी आली. लिहिणाऱ्याला घरातला एक वाचक लागतो, हे मी त्यातून घेतले.

इथे मला प्रत्यक्ष शिकवणाऱ्या बाई वयाने मोठ्या आहेत आणि त्यांची शिस्त कडक आहे. ‘भीषण’, ‘भेसूर’, ‘काळाकुट्ट’ अशा अर्थाचा प्रत्येक शब्द त्या माझ्या मसुद्यातून खोडतात आणि समासात लिहितात, की हे वाचकाला ठरवू द्या. कथेत अघटित घडण्यापूर्वीचा पात्राचा एक साधा आठवडा त्या वेगळा लिहून आणायला सांगतात. तो कथेत जाणार नसतो, पण त्या आठवड्यात पात्र कुणासाठी घाईने घरी परतते हे मला कळलेले असावे, असा त्यांचा आग्रह असतो. आमच्या वर्गात रात्रपाळी करणाऱ्या एक परिचारिकाही आहेत. खरोखर घाबरलेली माणसे ओरडत नाहीत, ती हळू आवाजात अगदी किरकोळ गोष्टी विचारत राहतात, हे त्यांनी सांगितल्यापासून माझ्या पात्रांचे संवाद बदलले आहेत.

एम. आर. जेम्स हे केंब्रिजमधले मोठे विद्वान. जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास हे त्यांचे खरे काम. पण नाताळात ते मित्रांना जमवून स्वतः लिहिलेल्या भूतकथा वाचून दाखवत, आणि १९०४ साली त्यांतल्या काहींचा संग्रह निघाला. त्यांच्या वाक्यांत जी लय आणि जो संयम आहे तो मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून तुमच्याकडे एक काम मागते. या पत्रासोबत माझी नवी कथा पाठवली आहे. तीत एक बाप आहे आणि तो तुम्ही नाही, हे आधीच सांगून ठेवते. ती एकट्याने वाचू नका. रात्री जेवणे झाल्यावर आईला मोठ्याने वाचून दाखवा. जिथे ती तुम्हाला थांबवून काही विचारील तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि जिथे तुमचा स्वतःचा आवाज हळू होईल तिथे दोन खुणा करा. मग ती पाने मला परत पाठवा. पुढचा मसुदा मी त्या खुणा पाहूनच लिहायला घेईन.

आईला नमस्कार सांगा.

तुमची मुलगी