ऑनलाइन अभ्यासक्रमांनाही सहाध्यायी हवेत

महोदय,

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरून पूर्ण करण्याची मुभा विद्यार्थ्यांना मिळू शकते. तेथील अनेक व्याख्याने उत्तम आहेत, त्याविषयी तक्रार नाही. मात्र ती पाहणारा विद्यार्थी एकटाच शिकणार, हे आपण निमूटपणे गृहीत धरले आहे.

‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमाची चार अंगे आहेत: चित्रफिती, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. पहिली तीन एकट्याने होतात. चौथ्याला माणसे लागतात आणि माझ्या पाहण्यात तेच सर्वांत दुबळे राहते. असंख्य अनोळखी नोंदणीधारकांसमोर ‘मला हे कळले नाही’ असे लिहायला प्रथम वर्षाचा विद्यार्थी धजावत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीला मात्र तो सहज विचारतो, आणि त्याला समजावून सांगताना तिचाही विषय पक्का होतो.

स्पर्धा परीक्षांचे पुष्कळसे मार्गदर्शन आज गावातल्या घरी मोबाइलवर मिळते. तरीही मराठवाडा-विदर्भातील मुले-मुली खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि अभ्यासिकेचे शुल्क भरून पुण्याच्या सदाशिव पेठेत येऊन राहतात. यात क्लासच्या जाहिरातबाजीचा वाटा आहेच; परंतु चहाच्या टपरीवर चालू घडामोडींवरून होणारा वाद, एकमेकांची उत्तरे तपासणे आणि पूर्वपरीक्षेत अपयश आलेल्या मित्राला पुन्हा अभ्यासिकेत आणून बसवणे, हे कोणत्याही ॲपच्या वर्गणीत मिळत नाही. ज्यांना पुण्याचा खर्च झेपत नाही, त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

अर्थात, चार भिंती असल्या म्हणजे सहवास घडतोच असे नाही. प्राध्यापकांनी टिपणे सांगायची आणि ऐंशी जणांनी ती उतरवून घ्यायची, अशा वर्गातही प्रत्येक जण एकटाच असतो.

दूरशिक्षणाला ही गरज फार पूर्वी उमगली होती. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने स्वयंअध्ययनाची पुस्तके काढली, तरी गावोगावी अभ्यासकेंद्रे आणि संपर्क सत्रेही ठेवली. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमातही महाविद्यालयांत स्थानिक केंद्रे असून एका प्राध्यापकाकडे समन्वय असतो. पण अनेक ठिकाणी त्यांचे काम नोंदणीची आणि परीक्षा शुल्काची आठवण करून देण्यापुरतेच उरते.

माझी सूचना साधी आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमाला श्रेयांक (क्रेडिट) देणाऱ्या महाविद्यालयाने वेळापत्रकात आठवड्याला दोन तास राखून, तो अभ्यासक्रम घेणाऱ्यांना विषयशिक्षकासह एकत्र बसवावे. एका महाविद्यालयात पुरेसे विद्यार्थी नसतील, तर तालुक्यातील दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून हे करावे. हे तास शिक्षकांच्या कार्यभारात धरण्याचे परिपत्रक मात्र विद्यापीठांनी आधी काढायला हवे. तसे न झाल्यास तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या माथी आणखी एक विनामोबदला काम येईल.

– एक प्राध्यापक, सातारा