‘हे काम कोणाचं?’ असं विचारायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

अमेरिकेतल्या आर्किटेक्टच्या परवान्याच्या परीक्षेत माझ्या सहाव्या, शेवटच्या पेपरचा निकाल लागला आणि मी राहते त्या राज्याने मला आर्किटेक्ट म्हणून नोंदवून घेतलं. फोनवर तुम्ही ‘छान झालं’ म्हणालात आणि लगेच फोन आईकडे दिलात, त्यामुळे मला बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे, कारण बडोद्यात शिकून अमेरिकेत गेलेल्या पुष्कळ मुलामुलींना याच परीक्षेला बसायचं असतं आणि तयारी कुठून सुरू करावी हेच कळत नसतं.

व्हिसाच्या कामात अडकून मी घरी होते तेव्हा बडोद्याच्या दांडियाबाजारात जो तो विचारायचा, ‘तू झालीस ना आर्किटेक्ट? मग परत परीक्षा कसली?’ त्यांचंही बरोबरच होतं. आपल्याकडे पाच वर्षांचं बी. आर्क. झालं आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदवलं, की झालं. अमेरिकेत पदवी परदेशातली असेल तर आधी तिची तपासणी होते. मग आर्किटेक्टच्या हाताखाली ३,७४० तासांचा अनुभव नोंदवायचा आणि ‘एआरई’चे, म्हणजे या परवाना परीक्षेचे, सहा पेपर द्यायचे. एखादा पेपर राहिला तर ६० दिवस थांबायचं. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे, साइटवर आयुष्य काढलेले तुम्ही मात्र एवढंच विचारलंत : ‘पेपर कुठले?’ आणि बांधकामावरच्या देखरेखीचा एक अख्खा पेपर आहे हे ऐकल्यावर म्हणालात, ‘संध्याकाळी वर ये.’

या परीक्षेत आता हाताने काही काढायचं नसतं, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. प्रश्न असतात ते निर्णयाचे. मालकाने परस्पर कंत्राटदाराला काम वाढवायला सांगितलं, आता तुम्ही काय कराल? चार पर्याय, आणि चारही बरे वाटतात. कराराच्या सर्वसाधारण शर्तींचा तो ए२०१ नावाचा दस्तऐवज मी ओळी अधोरेखित करून वाचला होता, तरी पर्याय निवडताना हात थबकायचा. तुम्ही प्रश्न ऐकून घ्यायचात, उत्तराकडे वळायचातच नाही. आधी विचारायचात, ‘हे काम कोणाचं?’

तेवढ्या एका प्रश्नाने सगळी शर्तपत्रं मला उलगडली. परांची कशी उभारायची, कडिये (गवंडी) किती लावायचे, कामगारांची सुरक्षितता कशी सांभाळायची, हे कंत्राटदाराचं. आर्किटेक्टला धोका दिसला तर त्याने ताबडतोब कळवायचं, पण परांची अशी बांध म्हणून सांगायला जायचं नाही. शॉप ड्रॉइंग, म्हणजे एखादा भाग कसा बनवणार याचं कंत्राटदाराकडचं तपशीलवार चित्र, आधी कंत्राटदाराने स्वतः तपासायचं, मग ते आर्किटेक्टकडे येतं. आणि आर्किटेक्ट पाहतो ते मूळ संकल्पनेशी जुळतं की नाही एवढंच. मापं बरोबर असल्याची हमी त्याने द्यायची नसते. मला हे पटायला वेळ लागला. आपल्याकडे स्लॅब भरायच्या दिवशी आर्किटेक्ट साइटवर नसला तर मालक रागावतो, आणि तिथे करारातच लिहिलेलं असतं की सतत हजर राहून तपासणी करण्याचं बंधन त्याच्यावर नाही.

बिलांचा भाग तर तुम्ही तुमच्या वह्यांवरूनच शिकवलात. सरकारी एमबी (मोजमापांच्या वह्या) खात्यात जमा झाल्या, पण त्या भरण्याआधीची तुमची स्वतःची कच्ची मोजमापं कपाटात होती. लांबी, रुंदी, खोली, शाईने लिहिलेली. चुकलेला आकडा खोडरबराने न पुसता आडवी रेघ मारून दुरुस्त केलेला आणि बाजूला सही. रनिंग बिलातून, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलातून, अनामत का कापतात, काम झाल्यावर ती कधी सोडायची, हे तुम्ही प्रत्येक बिल समोर ठेवून दाखवलंत. मग तिथला नियम सरळ डोक्यात गेला : कंत्राटदाराने पैशांचा अर्ज केला की आर्किटेक्टने सात दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं, नाहीतर अडवण्याचं कारण लेखी कळवायचं. तुम्ही म्हणालात, ‘सात दिवस ठेवलेत ते चांगलं केलं. बिल अडलं की पहिला उपाशी राहतो तो कडिया.’ हे कुठल्याही मार्गदर्शकात लिहिलेलं नाही, आणि तो नियम कशासाठी आहे हे मला त्या वाक्यानेच समजलं.

अजून एक गोष्ट, जी माझ्या ध्यानीमनी नव्हती. आम्ही कॉलेजात सगळं मिलिमीटरमध्ये शिकलो, अमेरिका फूट-इंचात. तुम्ही मात्र अजून ब्रासमध्ये विचार करता. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, सत्तावीस घनफूट म्हणजे एक घनयार्ड; म्हणून एका ब्रासात साधारण ३.७ घनयार्ड. काँक्रीटचा हिशोब मी तसाच तोंडी करू लागले. आपल्या वाड्याचा जिनाही तुम्ही मला टेपने मोजायला लावलात. तिथे घरातले जिने सोडले तर सहसा पायरीची उंची ७ इंचांवर चालत नाही आणि पाऊल ठेवायची जागा निदान ११ इंच लागते, हे त्या उभ्या जिन्यावर धापा टाकत शिकल्यामुळे कधी विसरणार नाही.

या सगळ्यासाठी तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. काकूंनी रोज चहाबरोबर काहीतरी खायला दिलं, त्यांनाही माझा नमस्कार सांगा. निवृत्तीनंतर कोणी काही विचारायला येत नाही, असं तुम्ही एकदा बोलून गेलात. काका, साइटवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला जे कळतं ते वर्गात मिळत नाही, आणि मला ते जिन्याच्या एका मजल्यावर मिळालं. मी फार मनापासून आभारी आहे.

दिवाळीला येते आहे. तोवर एक विनंती : आमच्या आतेभावाचं ट्रेनिंगचं सत्र सुरू झालंय आणि त्याला रनिंग बिल म्हणजे काय हे माहीत नाही. त्याला शनिवारी वर पाठवू का? आणि त्या वह्या कुणाला रद्दीत देऊ नका. मी आल्यावर पानन् पान स्कॅन करून ठेवणार आहे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची